आमच्या घरातलं त्र्याऐंशी

आमच्याकडे लग्न असो, बारसं असो नाहीतर कुणाची एकसष्टी, जेवणं उरकून मंडळी पानसुपारीला बसली की मोठे काका त्र्याऐंशी काढतात, म्हणजे त्या सालची क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल, भारत विरुद्ध वेस्ट इंडिज. सुरुवात ठरलेली, रिचर्ड्सपासून. तो कसा च्युइंगम चघळत आला, २८ बॉलमध्ये ३३ कसे ठोकले, मदनलालने कपिलकडून आणखी एक ओव्हर कशी मागून घेतली, आणि मग तो उंच उडालेला बॉल आणि त्याच्यामागे पळत सुटलेला कपिल. इथे काका उठून उभे राहतात, सत्तरी पार झालीय, गुडघे दुखतात, तरी उभे राहतात आणि हॉलमधल्या हॉलमध्ये चार पावलं पळून दोन्ही हातांनी कॅच घेतात. मग बाबा मोहिंदर अमरनाथवर येतात, १२ रन्समध्ये ३ विकेट, शेवटचा होल्डिंग एलबीडब्ल्यू आणि सगळी पब्लिक ग्राऊंडवर. आम्ही चुलत-आते भावंडं हे ऐकतच मोठी झालो. मला ते तोंडपाठ आहे आणि तरीही दर वेळी अंगावर काटा येतो.

तेव्हा आम्ही ठाण्यात नौपाड्याला एका वाडीत राहायचो. वाडीत टीव्ही एकच, मालकांकडे, लाकडी शटरवाला ब्लॅक अँड व्हाइट. २५ जून १९८३, शनिवार होता, बाहेर पाऊस कोसळत होता आणि मालकांच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी पहिलीत होते. मला स्वतःला आठवतं ते एवढंच की आजीच्या मांडीवर झोप लागली होती आणि फटाक्यांनी दचकून उठले तर बाबा मला खांद्यावर घेऊन पावसात नाचत होते. बाकी सगळं ऐकीव.

आजच्या पोरांना हे सांगूनही पटत नाही की त्या टीमकडून कुणालाही काहीही अपेक्षा नव्हती. १९७५ आणि १९७९ असे दोन वर्ल्ड कप मिळून आपण एकच मॅच जिंकलो होतो, ती पण ईस्ट आफ्रिकेविरुद्ध. १९७९ ला तर श्रीलंकेकडून हरलो, तेव्हा त्यांना टेस्टचा दर्जाही नव्हता. समोर वेस्ट इंडिज, आधीचे दोन्ही कप त्यांचेच, आणि त्या जूनमध्ये ओल्ड ट्रॅफर्डला आपण त्यांना पहिल्याच मॅचमध्ये हरवेपर्यंत ते वर्ल्ड कपची एकही मॅच हरले नव्हते. इंग्लंडातल्या बुकींनी आपल्यावर ६६ ला १ असा भाव लावला होता. झिम्बाब्वेविरुद्ध १७ वर ५ गेले तेव्हा सगळं संपल्यातच जमा होतं, तिथून कपिलने नाबाद १७५ काढले. बाबांचे एक मित्र ती इनिंग टीव्हीवर पाहिल्याचं शपथेवर सांगतात. त्या दिवशी टनब्रिज वेल्सच्या ग्राऊंडवर टीव्हीचा कॅमेराच नव्हता, ती इनिंग त्या ग्राऊंडवर हजर असलेल्यांखेरीज जगात कुणीच पाहिलेली नाही. पण काकांचे काय किंवा त्यांच्या वयाच्या लोकांचं काय, ही गोष्ट इतक्या वेळा सांगून झालीय की न पाहिलेलंही डोळ्यांसमोर दिसायला लागतं, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

मला जे सांगायचंय ते मात्र उलटं आहे. आमच्याच घरातलं एक माणूस त्या रात्री तिथे होतं, सगळ्यांपेक्षा जास्त क्रिकेट त्या माणसाला कळत होतं, आणि तिने ती कॅच पाहिलेली नाही.

माझी आत्या.

हे मला कळलं ते वाडी रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा. घर रिकामं करताना माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक उतरवली, त्यात आत्याच्या कॉलेजच्या वह्या. एका लाँगबुकात मागच्या बाजूने स्कोअर लिहिलेले. रणजीचे, टेस्टचे, पानंच्या पानं, रेघा मारून, बॅट्समनचं नाव, कसा आऊट, कोणी केला, रन्स. शेवटच्या पानांवर त्र्याऐंशीची फायनल. डाव्या पानावर आपला डाव, पेन्सिलीने, बारीक अक्षरात आणि शेजारी समासात खुणा, टिंबं, खाडाखोड. श्रीकांत ३८ च्या पुढे एक चांदणी काढलीय. गावसकर २ च्या पुढे काहीच नाही, नुसती पेन्सिल जोरात दाबलेली. संदीप पाटील २७. सगळ्यात खाली किरमाणी १४, संधू नाबाद ११, आणि त्या दोघांना जोडणारा एक कंस, त्यात २२. एकूण १८३. उजव्या पानावर वेस्ट इंडिजचा डाव, तो निळ्या पेनने, स्वच्छ, एकही खाडाखोड नाही.

मी आत्याला विचारलं, मधेच पेन्सिल हरवली का गं? ती म्हणाली, "नाही, तो डाव मी पाहिलाच नाही ना. नंतर पेपरातून उतरवून काढलाय."

मग तिने सांगितलं, तिथेच ट्रंकेशेजारी जमिनीवर बसून. दुपारी साडेतीनच्या सुमारास मॅच सुरू झाली तेव्हा ती आमच्या खिडकीत ट्रान्झिस्टर घेऊन बसली होती, खरखर यायची, आवाज वर-खाली व्हायचा, इंग्लिश कॉमेंट्री, ती ऐकायची आणि पेन्सिलीने लिहायची आणि वाडीतल्या बायका येता-जाता विचारायच्या काय झालं गं. आपला डाव आटपला तोवर स्वयंपाकाची वेळ झाली. आणि पुरुष मंडळी टीव्हीसमोर जमली ती तिथून पुढे. मालकांकडे तीस-चाळीस माणसं, त्यांचा चहा कोण करणार, तर वाडीतल्या मुली. आत्या १९ वर्षांची. मालकांच्या स्वयंपाकघरात दोन स्टो पेटवलेले, मोठं पातेलं, चार घरांतून गोळा केलेल्या कपबशा. आता ज्यांनी स्टो वापरलाय त्यांना माहितेय की तो पेटला की त्याच्या आवाजापुढे शेजारचं माणूस बोललेलं ऐकू येत नाही. एका स्टोला सारखी पिन मारायला लागत होती. आणि त्या आवाजातून अचानक पलीकडच्या खोलीतून असा ओरडा आला की पातेल्यावरची झाकणी हलली, म्हणाली. ती पिन हातात घेऊन तशीच धावली. दारात माणसं उभी, त्यांच्या पाठी, कुणी कुणाला मिठी मारतंय, कुणी उड्या मारतंय, आणि टाचा उंच करूनही तिला टीव्हीचा फक्त वरचा कोपरा दिसला. रिचर्ड्स गेला, कुणीतरी ओरडून सांगितलं. कसा, कोणी घेतला, ते तिला खूप वेळाने कळलं. मग दूध उतू जाईल म्हणून ती परत आत गेली.

मी हे काकांना सांगितलं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हो, कॅचनंतर लगेच चहा आला होता. आठवतंय मला." आणि थोड्या वेळाने, "तीच घेऊन आली होती."

काकांवर माझा राग नाही, हे मनापासून सांगते. काका तेव्हा तिशीतले, त्यांना जे दिसलं ते त्यांनी चाळीस वर्षं जपून सांगितलं, आम्हाला क्रिकेटचं वेड त्यांनीच लावलं. पण पेन्सिलीचं ते पान पाहिल्यापासून मला त्यांच्या गोष्टीतला एक भाग कमी पडतो, तो म्हणजे दुपार. आत्याचं त्र्याऐंशी दुपारचं आहे. ती कपिलच्या कॅचबद्दल बोलतच नाही, ती बोलते किरमाणी आणि संधूच्या त्या २२ रन्सबद्दल. शेवटची जोडी, १६१ वर ९, समोर रॉबर्ट्स, गार्नर, मार्शल, होल्डिंग. मार्शलचा एक बाउन्सर संधूच्या हेल्मेटवर आदळला. अकरा नंबरच्या बॅट्समनला बाउन्सर टाकावा लागतो याचा अर्थ समोरचा वैतागलाय, आत्याचं म्हणणं. आणि संधू मागे हटला नाही. नंतर त्याच संधूने ग्रीनिजचा ऑफ स्टंप उडवला, ग्रीनिजने बॅट वर उचलून बॉल सोडला आणि तो आत आला. ४३ रन्सनी जिंकलो आपण, त्यातले २२ हे, मोजा म्हणते. मलाही आता असंच वाटतं की कॅचचं कौतुक करताना आपण १८३ ला फार हलकं घेतो.

आत्या स्वतः खेळायची हे पण तेव्हाच नीट कळलं. वाडीत पोरांबरोबर रबरी बॉलने खेळायची एवढं ऐकून होते, पण कॉलेजात तिला एका मुलीने सांगितलं होतं की मुंबईत बायकांचं क्रिकेट आहे, सीझन बॉलने, डायना एडलजी तिकडचीच, तू ये. भारतीय महिलांची टीम होती हेच तेव्हा किती जणांना ठाऊक होतं? १९७८ मध्ये महिलांचा वर्ल्ड कप इथे भारतात झाला होता, आपण तिन्ही मॅच हरलो होतो. आत्याने घरी विचारलं. आजोबांनी नाही म्हटलं नाही, त्यांनी फक्त विषय बदलला, आणि आमच्या घरात विषय बदलला की तो परत काढायचा नसतो. मग नोकरी, लग्न, कोपरीला घर, दोन मुलं, निवृत्ती. ती हे सांगताना रडली वगैरे नाही. वही माझ्या हातात दिली आणि म्हणाली, तुझ्या लेकीला दाखव.

लेक दहावीत आहे, क्रिकेटवेडी. आत्याला ती आत्याआजी म्हणते आणि त्या दोघींचं फोनवर जे चालतं त्यात मला जागा नसते. २०१७ च्या महिला वर्ल्ड कपची लॉर्ड्सची फायनल आत्याने पाहिली होती, पूनम राऊत ८६ वर गेली आणि तिथून सगळं घसरत गेलं, ९ रन्सनी हरलो. त्या रात्री ती जेवली नव्हती. मिताली राजने एका मुलाखतीत सांगितलंय की २००५ च्या वर्ल्ड कपात, जिथे आपण फायनलपर्यंत गेलो होतो, खेळाडूंना मॅचमागे हजार रुपये मिळाले. हे आत्याला माहीत होतं, मला नव्हतं. महिलांचं क्रिकेट बीसीसीआयकडे आलं ते २००६ मध्ये, तोवर या पोरी रेल्वेच्या साध्या डब्यातून मॅच खेळायला जायच्या.

आणि मग २०२५ चा महिलांचा वर्ल्ड कप. बंगळुरूच्या मॅच नेरुळला डी. वाय. पाटीलला हलवल्या. आम्ही राहतो सीवूड्सला, म्हणजे एक स्टेशन. लेक नाचायला लागली. पण टीमने मधे असा जीव काढला की काय सांगू, साउथ आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, ओळीने तीन मॅच हरल्या, इंग्लंडविरुद्ध तर फक्त ४ रन्सनी. लोकांनी मोबाईलवर जे जे लिहिलं ते मी लेकीला वाचू देत नव्हते. मग न्यूझीलंडला हरवून कशाबशा सेमीत, आणि सेमीत ऑस्ट्रेलिया, सात वेळच्या चॅम्पियन, त्यांनी ३३८ केले. तेवढे रन्स महिलांच्या वनडेत कधीही कुणीही चेस केले नव्हते. माझ्या नवऱ्याने टीव्ही बंद करून जेवायला बसूया म्हटलं. आत्या फोनवर म्हणाली, "बंद करू नका, जेमिमा आहे."

जेमिमा रॉड्रिग्ज, मुंबईची पोरगी. त्याच स्पर्धेत एका मॅचला तिला टीमबाहेर बसवलं होतं. तीन नंबरला जायचंय हे तिला आत जायच्या पाच मिनिटं आधी कळलं. नाबाद १२७. हरमनप्रीतबरोबर १६७ ची पार्टनरशिप, ८२ वर असताना हिलीने तिचा कॅच सोडला, आणि शेवटी अमनजोतने चौका मारला तेव्हा जेमिमा रडत होती, लेक रडत होती आणि फोनवर आत्या जोरजोरात नाक ओढत होती. ३० ऑक्टोबरची ती रात्र आमच्या सोसायटीत कुणी झोपलं असेल असं वाटत नाही.

फायनलची तिकिटं लेकीच्या मैत्रिणीच्या घरच्यांना ऐन वेळी गावाला जायला लागलं म्हणून आम्हाला मिळाली, तीन. नवरा आपणहून म्हणाला, आत्याला ने. २ नोव्हेंबर, रविवार. आत्या ठाण्याहून ट्रान्स हार्बरने आली, डब्यात सगळी निळी जर्सी, म्हणाली ऐरोलीपासून तर उभं राहायला जागा नाही. पावसाने घोळ घातला होता. तीनची मॅच, कव्हर्स अंथरलेले, आम्ही तिघी एका छत्रीत. आत खायचं न्यायला देत नव्हते म्हणून तिने आणलेली थालीपीठं गेटबाहेर उभ्यानेच संपवली. शेजारी एक बाप होता, त्याच्याबरोबर दोन लहान मुली, पाठीवर मंधाना आणि १८. सांगलीहून आले होते म्हणे, स्मृतीच्या गावचे. आत्याने त्यांना अर्धं थालीपीठ दिलं आणि स्मृतीचा कव्हर ड्राइव्ह यावर त्या बापाशी वीस मिनिटं बोलली.

पर्समध्ये एक नवी वही आणि पेन्सिल होती, मी पाहिली होती. पाच वाजता पहिला बॉल पडला तरी तिने ती काढली नाही. मी विचारलं, लिहायचं नाही का. "आज लिहीत नाही बसणार," म्हणाली, "आज बघणार."

आणि तिने बघितलं, सगळं बघितलं. स्मृती आणि शेफालीने १०४ ची सलामी दिली. शेफाली तर मुळात टीममध्येच नव्हती, प्रतिका रावलचा पाय जायबंदी झाला म्हणून सेमीच्या आधी बोलावून घेतलेली, तिने ८७ काढले. दीप्तीने ५८. २९८. मग साउथ आफ्रिकेची कॅप्टन वोल्वार्ट एका बाजूने उभी, सेंच्युरी मारून, आणि ती आहे तोवर स्टेडियममध्ये कुणी मोठ्याने श्वास घेत नव्हतं. तिचा उडालेला बॉल अमनजोतच्या हातात आला, निसटला, परत आला, परत निसटला, आणि शेवटी एका हातात थांबला. आमच्या समोर एक उंच माणूस उभा राहिला होता, आत्याने त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला खाली बसवलं. "बसा हो, मला दिसत नाहीये." तो बसला. मला तेव्हा मालकांच्या दारातल्या त्या पाठी आठवल्या आणि माझेच डोळे भरून आले, मी पुढची दोन-तीन बॉल धड पाहिली नाहीत.

बाराच्या सुमारास दीप्तीच्या बॉलवर डी क्लर्कने बॉल वरून मारला आणि हरमनप्रीत मागे पळत सुटली. मागे पळत, मान वर करून, आणि उडी मारून दोन्ही हातांत. दीप्तीची पाचवी विकेट, २४६ ऑल आऊट, ५२ रन्सनी. आमच्या सीटवरून ते सगळं समोर होतं, मधे कुणी नाही. आत्या ओरडली. ६१ वर्षांची बाई, मी तिचा असा आवाज जन्मात ऐकला नव्हता.

पब्लिक जागची हलली नाही. प्रतिका व्हीलचेअरवर ग्राऊंडवर आली. नंतर टीमने मिताली आणि झूलन या जुन्या खेळाडूंना बोलावून त्यांच्या हातात कप दिला, तिथे मात्र आत्या खाली बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली. अमोल मुझुमदार कोच, ज्याने मुंबईसाठी रणजीत खोऱ्याने रन्स केले आणि ज्याला भारताची कॅप कधीच मिळाली नाही, त्याच्या हरमनप्रीत पाया पडली. आत्याला त्याचे रणजीतले स्कोअरही आठवत होते, लेकीला सांगत होती.

घरी पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. नवरा जागाच होता, त्याने चहा टाकला. लेक आणि आत्या स्वयंपाकघराच्या ओट्याशीच उभ्या राहून वाद घालत होत्या, मॅच कुठे फिरली यावर. लेक म्हणे अमनजोतचा कॅच. आत्या म्हणे छे, त्याच्या खूप आधी, वोल्वार्ट आणि लूस जमल्या होत्या तेव्हा हरमनप्रीतने बॉल शेफालीच्या हातात दिला, जी धड रेग्युलर बॉलरही नाही, आणि तिने आल्या आल्या लूसला स्वतःच्याच बॉलिंगवर झेललं, पुढच्या ओव्हरला मारिझान कापलाही आऊट केलं. ते कॅप्टनच्या मनात कसं आलं असेल, हे तिला राहून राहून नवल वाटत होतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. काका, ठाण्याहून, रात्री दोनला. स्पीकरवरच होता.

"झोपली नाहीस ना? मला टीव्हीवर नीट कळलं नाही गं, सारखे प्लेयरचे चेहरे दाखवतात, फिल्डिंग कुठे कशी लावली ते दिसतच नाही. शेफालीला आणली तेव्हा मिडविकेटला कोण होतं? तू होतीस तिथे, तू सांग."

आत्याने खुर्ची ओढली, चहाचा कप पुढ्यात घेतला.

"मधूनच नको," म्हणाली. "टॉसपासून सांगते. टॉस झाला साडेचारला, वोल्वार्टने तो जिंकून फिल्डिंग घेतली. आता बघ, ढग असताना पहिली दहा ओव्हर..."